मदत हवी आहे: काचेच्या शेडला पांढरा रंग दिला आणि उजेडच कमी झाला

नमस्कार मंडळी,
सांगलीत आमचं शिलाईचं दुकान आहे. कटिंगच्या टेबलावर तीन जाड काचेच्या शेड टांगल्यात, वडिलांनी जुन्या बाजारातून आणलेल्या. घंटेचा आकार, आतून गुळगुळीत, बाहेरून वरपासून खालपर्यंत उभ्या धारदार रेघा. काठावर उठावात 'होलोफेन' लिहिलंय. उजेड असा पडायचा की काळ्या कापडावर काळा दोरा दिसावा.

दिवाळीआधी रंगकाम काढलं. पेंटर म्हणाला, काच आरपार आहे, अर्धा उजेड वाया जातोय, बाहेरून पांढरा ऑइल पेंट मारू? मला पटलं. दोन शेड झाल्या, तिसरी वडिलांनी त्याच्या हातातून काढून घेतली. आता रंगवलेल्या दोन्हींखाली उजेड फिका आणि पसरट. बल्ब तोच, 9 वॉटचा एलईडी. अदलाबदल करूनही पाहिला. मोबाइलच्या उजेड मोजायच्या ॲपवर कोऱ्या शेडखाली 410 लक्स, रंगवलेलीखाली 290. (ॲपचा आकडा सोडा, फरक बघा.) पांढरा रंग उजेड परत फेकतो ना? मग कमी कसा झाला?

कोपऱ्यातला_दिवा: रंग आतून द्यायला हवा होता.

लोलक: नको हो, आतून तर मुळीच नको! त्या रेघा नक्षी नाहीत, प्रत्येक रेघ काटकोनी लोलक (प्रिझम) आहे. काचेतून हवेकडे निघालेला किरण लंबाशी सुमारे 42 अंशांहून जास्त तिरपा आपटला, तर बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. तुमच्या शेडमध्ये तो रेघेच्या एका उतारावर आपटतो, मग दुसऱ्यावर, आणि टेबलाकडे वळतो. म्हणजे पारा न लावलेला आरसा. दिव्याच्या शेडवर असे लोलक काढायची ही युक्ती ब्लोंदेल आणि प्सारौदाकी या दोन अभियंत्यांनी 1893 मध्ये पॅरिसला काढली.

अट एकच, रेघेबाहेर हवा हवी. रंग काचेला घट्ट चिकटला की हवा गेली. किरण रंगात शिरतो, थोडा तिथेच जिरतो, उरलेला वाटेल तिकडे विखुरतो. कोरडी धूळ ठिकठिकाणी नुसती टेकलेली असते, तिने एवढं बिघडत नाही. तेलकट थर मात्र रंगाचाच भाऊ.

धागाकर्ता: अरे देवा. आता काढू कसा?

लोलक: शेड उतरवून गार होऊ द्या. पेंट रिमूव्हर, हातमोजे, खिडक्या उघड्या. नंतर कोमट साबणपाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, रेघेच्या दिशेने. तारेची घासणी आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. उतारावर ओरखडे पडले की तिथे किरण नीट वळत नाही. दुसऱ्या कुठल्या दिव्यावर ॲक्रिलिकचं कव्हर असेल तर त्याला रिमूव्हर लावू नका, ते खराब होतं.

आणि बल्बची उंची बघा. या रेघांचा हिशेब दिव्याच्या ठरावीक जागेवर बसवलेला असतो. साध्या एलईडीचा मानेकडचा भाग उजेड देत नाही, सगळा उजेड टोकाच्या गोळ्यातून येतो. होल्डर थोडा वर-खाली करून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर फरक बघा. फिलामेंटवाला एलईडी मिळाला तर जुन्या बल्बच्या जास्त जवळचा.

धागाकर्ता: ट्रायल रूमच्या ट्यूबवर दाणेदार ॲक्रिलिकचं कव्हर आहे, दाणे कुठल्या बाजूला ठेवायचे?

लोलक: साधारणपणे दाणे खाली, गुळगुळीत बाजू ट्यूबकडे. तिरपा जाणारा उजेड कमी होतो, डोळ्यांत कमी खुपतो.

धागाकर्ता: एक शेड साफ झाली, ॲपवर 400 च्या आसपास आलं. दुसरी वडील स्वतः घासतायत. मला हात लावू देत नाहीत.