गाडी हळू असतानाच येणारे आवाज: तुमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

गाडी ८०ने पळत असते तेव्हा वारा, टायर आणि इंजिन मिळून एवढा गलका करतात की सस्पेन्शनची कुरकुर त्यात बुडून जाते. सोसायटीच्या गेटातून आत वळताना, स्पीडब्रेकरवर, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मात्र सगळं ऐकू येतं. आणि नेमका तोच आवाज गॅरेजमध्ये नेल्यावर गायब होतो. मग एक तर "नॉर्मल आहे सर" असं उत्तर मिळतं, नाहीतर अंदाजाने एकेक पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी लोअर आर्म, मग शॉकअप, मग स्टीअरिंग रॅक. बिल वाढत जातं, आवाज तिथल्या तिथेच.

आवाज नेमका कधी येतो हे नीट सांगता आलं तर निम्मं निदान गाडीखाली शिरण्याआधीच होतं, असं माझं ठाम मत आहे. ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? स्टीअरिंग वळवताना येत असेल तर कोणत्या बाजूला? फक्त खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावरही? गाडी थंड असताना की तापल्यावर? आणि सपाट, मोकळ्या जागी हळू चालत्या गाडीचा गिअर न्यूट्रलला टाकला तर? इंजिनचे आरपीएम खाली आले तरी आवाजाची लय तीच राहिली, तर तो चाकांकडचा. आरपीएमबरोबर तोही बदलला, तर इंजिन किंवा बेल्टकडे बघायचं. आणखी एक, काचा खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी सावकाश न्या. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि डावा की उजवा हे चटकन कळतं.

माझ्या पुण्यातल्या हॅचबॅकचं सांगतो. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत २०च्या वेगाला डावीकडून पुढून खट-खट-खट. दोन्ही चाकं एकदम चढतील अशा रुंद स्पीडब्रेकरवर गाडी गप्प, एकच चाक खाली गेलं की आवाज सुरू. इथेच संशय लिंक रॉडवर गेला. तो चाकाकडची बाजू स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला, जोडतो आणि हा बार दोन चाकं वेगवेगळी वरखाली झाली तरच पिळला जातो. शॉकअप बदलायचा सल्ला मिळाला होता, पण मी आधी लिंक रॉड हलवून बघायला सांगितला. मुठीत धरून झटका दिला तर खालचा जॉइंट खुळखुळत होता. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले आणि आवाज गेला. शॉकअप अजून जुनेच आहेत.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. आवाज कसा होता, कधी यायचा आणि शेवटी काय निघालं, तिन्ही लिहा.

रत्नागिरीहून

आमच्याकडे जूनपासून गाडीचे आवाजच बदलतात. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. ब्रेकची डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर धरतो आणि पॅड तो घासून काढतात. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत थांबली तर काही करायला लागत नाही. थांबली नाही, किंवा ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी आणि मग लोखंडावर लोखंड घासल्याची घरघर आली, तर पॅड संपलेत. तेव्हा एक दिवसही काढू नका, डिस्कला चरे पडले की खर्च वाढतो.

मागच्या ड्रम ब्रेकचं प्रकरण वेगळं. हँडब्रेक ओढून ओली गाडी चार दिवस उभी राहिली की आतले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे तुकडे, ड्रमला धरतात. गाडी काढताना मागून जोरात 'टक्क' होतं आणि सुटतात. कधी सुटत नाहीत, चाक फरफटत येतं. आम्ही पावसाळ्यात सपाटीवर पहिला गिअर टाकून चाकाला लाकडी गुटका लावतो, हँडब्रेक ओढत नाही.

रस्त्याचं काम चालू असेल तिथून आलं की पुढच्या चाकातून अचानक कर्कश ओरड सुरू होते, तीही लक्षात ठेवा. डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो, डस्ट शील्ड. खडीचा एक दाणा त्या फटीत अडकतो. गाडी थोडी मागे-पुढे केली की बहुतेक वेळा पडतो. नाही पडला तर डिस्क थंड होऊ द्या, मग चाक काढून पत्रा किंचित मागे ओढा.

नाशिकहून, गॅरेज चालवतो

धागा काढलात हे फार बरं केलंत. गिऱ्हाईक "आवाज येतो" एवढंच सांगून चावी देऊन जातं, आम्ही अर्धा दिवस चक्कर मारत बसतो.

सगळ्यात सोपं निदान ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटचं. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून हलकी रेस देत गोल फिरा. कट-कट-कट आलं, रेस दिल्यावर वाढलं, की जॉइंट. बरेचदा आधी त्याचा रबरी बूट फाटतो. म्हणून चाक वळवून रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. काळ्या ग्रीसचे शिंतोडे पंख्यासारखे उडालेले दिसतील. आवाज सुरू होण्याआधी एवढं दिसलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं. नंतर जॉइंट जातो, कारण आत माती आणि पाणी शिरलेलं असतं.

बुशची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांची, कुरकुर शोधायला मी पाण्याची बाटली वापरतो. एका माणसाने गाडी दाबून हलवायची, मी एकेका बुशवर पाणी सोडतो. ज्यावर पाणी पडल्यावर कुरकुर थांबते तो बुश आपला. रबरावर ऑइल मारून आवाज बंद करू नका, रबर फुगतं.

क्लचचं असं, गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन चालू. पेडल दाबलं की घरघर आणि सोडलं की बंद, तर रिलीज बेअरिंग. उलटं असेल, म्हणजे दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. हे दोन खर्च फार वेगळे आहेत, त्यामुळे घरीच बघून या.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही डोकं घालू नका. स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

बर्मिंगहॅमहून

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ कॉइल स्प्रिंगला खातं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की आमच्या गाडीत पुढून 'टंग्' व्हायचं, उलटं फिरवलं की पुन्हा. माझ्या नवऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडणीच्या) माथ्यावर तळहात ठेवला, मी आत बसून स्टीअरिंग फिरवलं. आवाजाबरोबर त्याच्या हाताला स्पष्ट धक्का बसला. चाक काढल्यावर दिसलं की स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटून स्प्रिंग बसते त्या वाटीतच पडलंय. त्याचं टोक टायरमध्ये घुसू शकतं, म्हणून इथल्या एमओटी या वार्षिक तपासणीत तुटलेल्या स्प्रिंगला नापास करतात. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग जोडीने बदलून घेतल्या.

नाशिकहून

ताई, अगदी बरोबर तपासलंत. आपल्याकडे या लक्षणाला बहुतेकदा स्ट्रट माउंटचं बेअरिंग निघतं. वळण झाल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ यायला कुचराई करतं, हीही त्याची खूण.

ठाण्याहून

बिघाड नसलेलेही आवाज इथे नोंदवून ठेवतो. आमच्या गाडीत सकाळी निघाल्यावर १५-२०चा वेग आला की पायाखाली एकदाच 'घर्र-टक' होतं, दिवसभर पुन्हा नाही. ती एबीएसची, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, स्वतःची तपासणी, अनेक गाड्यांत असते. भावाची गाडी इलेक्ट्रिक आहे, ती हळू चालताना गुणगुणते. तो पादचाऱ्यांसाठी मुद्दाम दिलेला आवाज. युरोपात या गाड्यांना २० किमी वेगापर्यंत असा आवाज सक्तीचाच आहे.

म्हापशाहून

खाऱ्या हवेत सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा बोल्टपाशी कुजतो आणि सिग्नलला गाडी उभी असताना तडतडतो. रेस दिली की थांबतो, म्हणून लोक इंजिनवर शंका घेतात. गाडी पूर्ण थंड असताना पत्र्यावर मूठ मारून बघा. आमच्या मेकॅनिकने मोठी होज क्लिप आवळून दिली, पूर्ण एक्झॉस्ट बदलायची गरज पडली नाही.

नागपूरहून

तातडीने विचारतोय. परवा टायर रोटेशन केलं, म्हणजे चाकं काढून त्यांच्या जागा आपसात बदलल्या. आजपासून हळू चालवताना उजवीकडून मागून ठक-ठक येतंय आणि मागची बाजू हलल्यासारखी वाटतेय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये आहे, घर १२ किमी. जाऊ का?

नाशिकहून

गाडी हलवू नका दादा. डिकीतला पाना काढा आणि चारही चाकांचे नट बघा.

नागपूरहून

उजव्या मागच्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते. बाकी तीन चाकं ठीक आहेत. आवळू ना?

नाशिकहून

आधी जॅक लावून ते चाक उतरवा. ढिल्या नटांवर चाक चाललंय, त्यामुळे स्टडचे (नट ज्यांवर बसतात त्या बोल्टचे) आटे झिजलेत का आणि रिमची भोकं लांबट झालीत का ते बघा. यातलं काहीही दिसलं तर स्टेपनी लावूनही जाऊ नका, टो करून न्या. सगळं स्वच्छ असेल तर चाक बसवून नट हाताने भरा आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गाडी खाली टेकवल्यावर पुन्हा त्याच क्रमाने पूर्ण आवळा. मग सावकाश जवळच्या गॅरेजला जा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, चारही चाकं तपासून घ्या. ५० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा. फोटो टाकता आला तर स्टडचा टाका, मी बघतो.