उघडलेले सॉस फ्रिजमध्येच ठेवायचे का? सल्ला हवा आहे

शंकासूर:
मंडळी, घरात रोजचा वाद आहे, निकाल लावा. आमच्या फ्रिजच्या दारात सध्या नऊ बाटल्या-बरण्या आहेत: केचप, दोन सोया सॉस, चिली सॉस, मेयोनीज, मस्टर्ड, व्हिनेगर, मध आणि एक अशी बरणी जिचं लेबल गळून पडलंय आणि जी उघडायचा धीर कुणाला होत नाही. दार उघडलं की खणखणाट. दुधाची बाटली आडवी झोपवावी लागते.
नवरा म्हणतो, 'उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा' असं छापलंय, म्हणजे ठेवायचं, विषय संपला. मी म्हणते, हॉटेलात केचपची बाटली दिवसभर टेबलावर उभी असते, त्यांना काही होत नाही. यातलं नेमकं काय बाहेर काढू?

चमचाभर:
हॉटेलातली बाटली दोन दिवसांत रिकामी होते, आपली चार महिने रेंगाळते. तुलना तिथेच फसते. तरी केचप महिनाभर बाहेर राहिलं तर बिघडत नाही. आमच्याकडे मात्र एक बाटली उन्हाळाभर ओट्यावर होती. एके दिवशी बघतो तर पोट फुगलेलं. झाकण जरा सैल केलं आणि फस्सकन लाल फवारा थेट टाइल्सवर. आत आंबून गॅस धरला होता. तेव्हापासून केचप फ्रिजमध्ये.

आंबटगोड:
अन्नप्रक्रियेत नोकरी करतो, म्हणून जरा लांबण लावतो.
त्या छापील वाक्याचे दोन वेगळे अर्थ असतात आणि दोन्हीसाठी तेच वाक्य वापरलं जातं. काही बाबतीत अर्थ असा की बाहेर ठेवलंत तर आजारी पडाल. बहुतेक वेळा अर्थ एवढाच की बाहेर ठेवलंत तर रंग-चव उतरेल आणि तुम्ही तक्रार कराल. घरातला वाद यामुळेच मिटत नाही, दोघंही अर्धे बरोबर असता.
जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि आंबटपणा सोसत नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. तो 4.6 किंवा त्याखाली असेल तर बॉट्युलिझमचा, म्हणजे अन्नात विष तयार करून जीवघेणा आजार देणारा, जंतू वाढू शकत नाही. केचप 3.9 च्या आसपास असतं, व्हिनेगर त्याच्याही बरंच खाली. सोया सॉसला मीठ तारतं. मधात पाणी असतं, पण साखर ते असं धरून बसते की जंतूंच्या वाट्याला काही येत नाही.
तेव्हा व्हिनेगर आणि मध आजच बाहेर काढा. मध फ्रिजमध्ये ठेवून फायदा शून्य, उलट घट्ट होऊन चमचा वाकतो. व्हिनेगरवाला तिखट चिली सॉसही कपाटात चालतो, रंग काळपट होईल तेवढंच. मस्टर्ड खराब होत नाही, पण बाहेर त्याचा झणका लवकर मरतो. नाकात जायला हवं असेल तर फ्रिज.

रात्रपाळी:
सोया सॉसबद्दल माझा घरगुती प्रयोग. एकाच दिवशी दोन सारख्या बाटल्या फोडल्या. एक फ्रिजमध्ये, एक गॅसशेजारी. दोन महिन्यांनी पांढऱ्या बशीत दोन्हींचे चार-चार थेंब टाकून पाहिले. फ्रिजमधला अजून लालसर तपकिरी, बशी तिरकी केली की कडेला पारदर्शक दिसत होता. दुसरा डांबरासारखा. वासही बसलेला, नुसता खारट. खाऊन काही झालं नाही, पण आता बाटली लहान घेते आणि फ्रिजमध्ये ठेवते.

आंबटगोड:
अगदी नेमकं. हवा लागून होतं ते, जंतूंचा संबंध नाही. फक्त 'कमी मीठ' लिहिलेला सोया सॉस असेल तर तो फ्रिजमध्येच ठेवा, मीठ हाच त्याचा पहारेकरी असतो. 'कमी साखर' वाल्या जॅमचंही तेच.

शंकासूर:
मेयोनीज?

आंबटगोड:
विकतचं मेयोनीज वाटतं तितकं नाजूक नसतं, पाश्चराइज केलेली अंडी आणि पुरेसं आम्ल असतं त्यात. तरी उघडल्यावर फ्रिजमध्येच, आणि दारात नको. दार ही फ्रिजची सगळ्यात उबदार जागा, आतल्या फळीवर ठेवा. घरी कच्च्या अंड्याचं करत असाल तर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका खरा आहे. फ्रिजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांत संपवायचं.
आणि खाताना वापरलेला चमचा पुन्हा बरणीत घालू नका. निम्म्या बरण्या त्या चमच्यानेच बिघडतात, फ्रिजचा दोष नसतो.

मिठाचाखडा:
मी लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवते, महिना-महिना टिकतात. तेलात काय बिघडणार, म्हणून लिहिलं.

आंबटगोड:
ताई, ती बरणी आज टाकून द्या. वास घेऊन, चाखून ठरवू नका.
या धाग्यावरचा हा एकच पदार्थ खरोखर जीवघेणा ठरू शकतो. लसूण मातीत वाढतो, मातीतले बॉट्युलिझमचे बीजाणू (त्या जंतूचं सुप्त, चिवट रूप) त्याला चिकटलेले असू शकतात. तेल हवा तोडतं, लसणाला आंबटपणा नाही, ओटा उबदार. त्या जंतूला याहून बरं घर मिळणार नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या वँकूवरला एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेले 36 जण असेच आजारी पडले, कारण होतं फ्रिजबाहेर ठेवलेला तेलातला बाटलीबंद लसूण. 1989 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मिश्रणात आम्ल घालणं सक्तीचं केलं. विकतच्या बरणीत सायट्रिक ॲसिड दिसतं ते त्यासाठी. घरच्या बरणीत ते नसतं.
लसूण परतून घातला तरी बीजाणू मरत नाहीत. आणि त्या विषाला वास, चव, रंग काही नाही. लागेल तेवढाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. जास्त केला तर फ्रीझरमध्ये.

मिठाचाखडा:
टाकली. हात थरथरत होते खरं सांगायचं तर.

शंकासूर:
सगळ्यांचे आभार. मध, व्हिनेगर, चिली सॉस कपाटात गेले. केचप आणि सोया नवऱ्याकडे, मेयोनीज आतल्या फळीवर. बिनलेबलची बरणी न उघडताच पिशवीत बांधून कचऱ्यात.

चमचाभर:
दूध उभं राहिलं का?

शंकासूर:
सकाळी राहिलं होतं. संध्याकाळी मोकळी जागा बघून नवऱ्याने ऑयस्टर सॉस आणला.

आंबटगोड:
तो मात्र राहू द्या तिथेच. बाहेर ठेवलात तर बुरशी धरेल.