मदत हवी आहे: मस्कत ते गोवा विमानाला नक्की किती वेळ?

कुडाळची_धाकटी
दादा चतुर्थीला येतोय. मस्कत-गोवा अंतर १८५० किमीच्या आसपास दाखवतंय. दादा म्हणतो तीन तास, तिकिटावर मात्र साडेचार होतात. खरं काय? गाडीवाला आजच वेळ मागतोय. लवकर सांगा.

तेरेखोलकाठ
सुटायची-उतरायची वेळ लिहा. आणि गोव्यातला विमानतळ कुठला, मोपा की दाबोळी?

जगबुडी_खेड
वीस वर्षं आखातात काढली, माझं ऐका. मुंबईला उतरवा. मस्कतहून १६०० किमीच्या आत आहे. पुढे कोकणकन्या.

तेरेखोलकाठ
जगबुडी, चतुर्थीच्या तोंडावर कोकणकन्येचं रिझर्वेशन कुठून आणायचं? त्यात पावसाळी वेळापत्रक.

जगबुडी_खेड
रोह्यापर्यंत एका पायावर उभे राहून आलोय आम्ही. पण घरी पोचलो.

कुडाळची_धाकटी
मुंबई नको, तिकीट काढून झालंय. १४ तारीख, सुटतं ००:४०, उतरतं ०५:०५. कोड जीओएक्स. बाबांचा हात मोडलाय, माटवी (गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची चौकट) दादाच बांधणार. तिला टांगायची कवंडळं, म्हणजे रानफळं, आणून पडवीत ठेवलीत. भटजी अकराला येतील.

तेरेखोलकाठ
जीओएक्स म्हणजे मोपा. दाबोळीचा कोड जीओआय. ड्रायव्हरला "मोपा" असंच सांगा. गेल्या वर्षी आमची गाडी दाबोळीला जाऊन थांबली आणि भावोजी मोपाला दोन तास बसून राहिले.
वेळेचं म्हणाल तर तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे. ४ तास २५ मिनिटांतून दीड तास वजा करा, राहिले २ तास ५५ मिनिटं. दादा बरोबर आहे. परतीच्या तिकिटावर हाच प्रवास दीड तासाचा वाटेल.

आंबोली_धुकं
१८५० किमीला तीन तास कशाला? ताशी ८५० ने सव्वादोन तासांत यायला हवं.

तेरेखोलकाठ
धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं हे कोण मोजणार? ते अंतर नकाशावरचं सरळ आहे.

वेंगुर्ला_बंदर
पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. चेक-इनमध्ये चालत नाही.

परुळे_पाट
आपलं सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे. तरी आखातातल्या आपल्या पोरांनी गोव्यातच उतरायचं. जीव तुटतो.

तेरेखोलकाठ
ताई, एक महत्त्वाचं. १४ चं ००:४० म्हणजे १३ ची रात्र. दादाने १३ ला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर असायला हवं. इकडे इमिग्रेशन, सामान धरून सव्वासहाला बाहेर. धारगळचा जोडरस्ता, पत्रादेवी, बांदा करत कुडाळला सव्वा तास धरा.

कुडाळची_धाकटी
आत्ताच फोन केला. तो १४ ला रात्री जेवून निघणार होता! सुट्टी एक दिवस आधी मागतोय. गाडीवाल्याला पावणेसहा, मोपा सांगितलंय. तुमचे उपकार कसे फेडू.