एकाच पिंजऱ्यातले उंदीर, पण रक्तदाबाचा प्रतिसाद वेगळा. सपाटवाले वगळू का?

प्रश्न (एम.फार्म., नाशिक): आमच्या प्राणीगृहातल्या विस्टार जातीच्या नर उंदरांवर बॅरोरिफ्लेक्सचं (रक्तदाब बदलला की ठोके आपोआप उलट दिशेने बदलतात, त्या प्रतिक्षिप्त क्रियेचं) काम चालू आहे. फेनिलेफ्रिन (रक्तवाहिन्या आकुंचवणारं औषध) शिरेतून दिलं की दाब चढतो, ठोके मंदावतात, इथवर पुस्तकाप्रमाणे. पण एकाचे ठोके धाडकन उतरतात, तर दुसऱ्याचा दाब तेवढाच चढूनही ठोक्यांचा आलेख जवळजवळ सपाट. वय, वजन, खाद्य सारखंच. गाईड म्हणतात, सपाटवाले काढून टाक. मला ते अजिबात पटत नाहीये.

उत्तर १: मुळीच काढू नकोस! विस्टार हा मुद्दाम जनुकीय विविधता राखलेला साठा आहे, सगळे एका छापाचे नसणारच. १९६३ मध्ये क्योटोत ओकामोटो आणि आओकी यांनी उच्च रक्तदाबाच्या उंदरांची जात तयार केली, ती विस्टारमधूनच, जास्त दाबाचे नर-मादी निवडून. उंदराउंदरातला फरक नुसता गोंगाट (मोजमापातला योगायोगी चढउतार) असता तर ते जमलंच नसतं. प्रत्येक उंदराचा उतार (ठोक्यांतला बदल भागिले दाबातला बदल) वेगळा मांड. सरासरीत हा फरक गडप होतो.

उत्तर २: सहमत, पण आधी उपकरण तपासा. धमनीतल्या नळीत गुठळी झाली की सिस्टॉलिक-डायस्टॉलिकमधलं अंतर आक्रसतं. हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) घातलेल्या सलाईनने नळी धुवून घ्या. भूल कोणती? युरेथेन या भुलीखाली हा रिफ्लेक्स दबतो. आणि डिसेंबरात आपल्याकडे टेबल गारठलेलं असतं, हीटिंग पॅड हवंच. नायट्रोप्रुसाइड (दाब उतरवणारं औषध) देऊन उलट बाजूही, म्हणजे ठोके वाढतात का, बघा.

प्रश्नकर्ती: युरेथेनच आहे, सर. नायट्रोप्रुसाइड उद्याच लावते. उतारांचा तक्ता घेऊन गाईडकडे जाईन.