मदत हवी आहे: ‘सेन्सिटिव्हनेस’ला नेमका शब्द कोणता?

रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांसाठी इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करतोय. त्यात ‘सेन्सिटिव्हनेस’ दोनदा येतो: एकदा केळीला थंडी सोसत नाही या अर्थी, एकदा औषध फवारताना त्वचेची आग होते या अर्थी.

शब्दकोशातला ‘संवेदनशीलता’ दोन्हीकडे घालून पाहिला. वडिलांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “केळीले कसली संवेदना?” पटलंच मला. ‘हळवेपणा’ मनाला शोभतो, पिकाला नाही. ‘नाजूकपणा’ने थंडीचा संबंधच सुटतो. ‘चरका’ शेतकऱ्यांना कळतो, पण तो थंडीने झालेला परिणाम. मला आधीचा गुण सांगायचाय.

वाक्य फिरवून ‘थंडी सोसत नाही’ चालेल, पण तक्त्याच्या मथळ्याला नामच लागतं, जास्तीत जास्त दोन शब्दांचं. अहिराणी, लेवा बोलीतलंही चालेल. तुमच्याकडे काय म्हणतात?