जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर किती तापला म्हणजे धोका समजावा?

टेबललॅम्प (प्रश्न)

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. बॅटरी जेमतेम वीस मिनिटे टिकत असल्यामुळे तो दिवसभर अडॅप्टरवरच चालतो. गेल्या महिनाभरात अडॅप्टर इतका तापू लागला आहे की त्यावर तळहात फार वेळ ठेववत नाही. शिवाय पिनेजवळ वायर जिथे वाकते, तिथले रबर पिवळट आणि चिकट झाले आहे. वायर एका विशिष्ट कोनात राहिली तरच चार्जिंगचा दिवा लागतो, म्हणून मी ती जाड पुस्तकाखाली दाबून ठेवतो. हा अडॅप्टर रात्रभर चालू ठेवणे कितपत सुरक्षित आहे? नवा घ्यायचाच झाला, तर नेमके काय पाहावे?

रोधक

आधी अडॅप्टर बंद करून ते पुस्तक काढा, बाकीचे नंतर पाहू.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या प्रकारची उष्णता एकत्र आली आहे. अडॅप्टरचा डबा तापणे हा काही अंशी त्याच्या कामाचाच भाग आहे. ६५ वॅटच्या अडॅप्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर पूर्ण भारावर सुमारे ९ वॅट उष्णता त्या बंद, बिनपंख्याच्या डब्यातूनच बाहेर पडायची असते. पिनेजवळची उष्णता मात्र निव्वळ दोषाची आहे. वायर रोज वाकून आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि सगळा प्रवाह उरलेल्या मोजक्या तारांवर येतो. समजा, तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आणि ३.३४ अँपिअर प्रवाह वाहत असला, तर त्या नखाएवढ्या जागेत साडेपाच वॅट उष्णता निर्माण होते. डब्याला ती पसरवायला सगळे अंग असते, इथे तेवढी जागाच नसते. दिवा लागतो-विझतो याचा अर्थ संपर्क जुळतो आणि सुटतो, आणि सुटताना ठिणगी पडू शकते. अडॅप्टरमधील संरक्षण प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो तोडते. इथे तो मर्यादेतच राहतो, त्यामुळे रबर वितळले तरी त्या संरक्षणाला पत्ता लागत नाही.

जुनी सर्किटे

रोधक यांचे वायरीबद्दलचे म्हणणे पटले, परंतु डब्याबाबत मी इतका निश्चिंत राहणार नाही. काम तेच, जागा तीच आणि तरीही महिनाभरात उष्णता वाढली असेल, तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) सुकत आले असण्याची शक्यता असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. दुसरे असे की, लॅपटॉपला ठरावीक वॅट हवे असतात. खराब वायरीत व्होल्ट गळाले की तो जास्त अँपिअर ओढतो आणि डबाही अधिक तापतो.

पिन कापून नवी बसवणे सोल्डरिंगचा सराव असलेल्याला जमण्यासारखे आहे. डबा मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

पिनपारखी

नवा घेताना व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर लॅपटॉपच्या लेबलाइतके किंवा त्याहून जास्त असावेत, कमी कधीही नसावेत. पिनेची जाडी आणि धन-ऋण दिशाही ताडून पाहावी. कमी वॅटचा अडॅप्टर काही लॅपटॉप ओळखतात आणि वेग कमी करतात, पण सगळेच नाही. बाकीचे त्याला मुकाट्याने पिळून घेतात.

भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची कॉर्ड लोक पाहतच नाहीत. एचपीने २०१४ मध्ये सुमारे ६० लाख कॉर्ड याच तापण्याच्या कारणाने परत मागवल्या होत्या. त्यांच्या अडॅप्टरकडच्या टोकावर ‘एलएस-१५’ असा ठसा असतो. अशा कॉर्ड एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर वर्षानुवर्षे फिरत राहतात, म्हणून ते टोक एकदा पाहून घ्या. आणि रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणाल तर नाही, गादीवर किंवा पांघरुणाखाली तर मुळीच नाही.

टेबललॅम्प

सर्वांचे आभार. प्लग काढून, वायर थंड झाल्यावर रबर सोलून पाहिले. बाहेरच्या जाळीतल्या बहुतेक तारा तुटून काळ्या पडल्या होत्या, पाच-सहाच शाबूत होत्या. कॉर्डवर तो ठसा नाही. मात्र लॅपटॉपच्या तळाच्या लेबलावर १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर असे छापले आहे आणि अडॅप्टरवर ३.३४. मूळचा अडॅप्टर बिघडल्यावर तीन वर्षांपूर्वी मी हा घेतला, तेव्हा पिन नीट बसते एवढेच पाहिले होते. डबा महिनाभरातच का तापू लागला, हेही आता कळले: तेव्हापासून मी या लॅपटॉपवर व्हिडिओ संपादित करू लागलो आहे.