मदत हवी आहे : शाळेतील लवकर होणारी विभागणी आणि सामाजिक वर्ग

सामाजिक वर्ग आणि शिक्षण यांच्या देशोदेशीच्या संबंधाचा अभ्यास करताना मी एका ठिकाणी अडलो आहे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल जेमतेम १० वर्षांचे असताना, ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जाणार की अन्य शाळेत, हे ठरते. उलट फिनलंडने १९७० च्या दशकात अशी विभागणी मोडून सर्व मुलांसाठी ९ वर्षांची एकच शाळा उभी केली. इतक्या लहान वयात मुलाच्या कुवतीपेक्षा आईवडिलांचे शिक्षणच मोजले जाते, असे मला मनापासून वाटते. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार तळाच्या उत्पन्नगटातील कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला डेन्मार्कमध्ये २, तर जर्मनीत ६ पिढ्या लागू शकतात. ही तफावत वाचून मी अस्वस्थ झालो. मात्र डेन्मार्कमध्ये उत्पन्नातील विषमताच मुळात कमी आहे; मग या फरकातला शाळेचा वाटा वेगळा कसा काढावा? जर्मनीतच बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे ही निवड साधारणपणे सहावीनंतर होते, तेव्हा देशांऐवजी राज्याराज्यांची तुलना अधिक विश्वासार्ह ठरेल का? या विषयात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.